हरवली की हरवू दिली? शिकागोच्या एका श्रुतिकामालेचा इतिहास

जुन्या रेडिओ-नाटकांबद्दल लिहिताना एक शब्द हमखास वापरला जातो : 'हरवलेली'. हरवलेली ध्वनिमुद्रणे सापडली, हरवलेला ठेवा हाती लागला, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि जुन्या आठवणींत रमणारी मंडळी खूश होतात. माझा आक्षेप या शब्दालाच आहे. छत्री हरवते, किल्ली हरवते; त्यात कोणाचा हेतू नसतो. पण ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्याने कसेबसे माईकपर्यंत पोहोचावे, दोन वर्षे बोलावे आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्या बोलण्याची इतिहासाच्या पुस्तकांत ओळही नसावी, याला 'हरवणे' म्हणायचे का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या शिकागो शहरातून सुरू होतो. तिथल्या डब्ल्यूएमएक्यू या रेडिओ स्टेशनवरून २७ जून १९४८ ते १९५० या काळात 'डेस्टिनेशन फ्रीडम' नावाची अर्ध्या तासाची श्रुतिकामाला दर रविवारी सकाळी प्रसारित होत होती. लेखक एकच, रिचर्ड डरहॅम. वय तीस. कृष्णवर्णीय. दर आठवड्याला एक नवे नाटक, आणि प्रत्येक नाटकाचा विषय काळ्या माणसांचा इतिहास किंवा त्यांचे वर्तमान. अशी नव्वदहून अधिक नाटके या एका माणसाने लिहिली. आपल्याकडे नभोनाट्य लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, दर आठवड्याला नवी संहिता, तीही ऐतिहासिक, आणि सलग दोन वर्षे, म्हणजे काय असते ते.

आता हे स्टेशन कोणते होते ते बघा. याच डब्ल्यूएमएक्यूवरून मार्च १९२८ मध्ये 'एमॉस अँड अँडी' सुरू झाले होते. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट काळ्या माणसांची बोली वेडीवाकडी करून दोन भोळसट, आळशी, फसणाऱ्या-फसवणाऱ्या काळ्यांची सोंगे काढत. पुढच्याच वर्षी एनबीसीने हा कार्यक्रम देशभर नेला आणि तो अमेरिकन रेडिओवरचा सर्वांत गाजलेल्या कार्यक्रमांपैकी एक ठरला. १९३१ मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी त्याविरुद्ध सह्यांची मोठी मोहीम काढली, दहा लाख सह्यांचे उद्दिष्ट ठेवले. कार्यक्रम बंद पडला नाही. एवढेच काय, त्याच वर्षी शिकागोतल्या 'डिफेंडर' या काळ्यांच्याच वृत्तपत्राने मुलांसाठी भरवलेल्या मिरवणुकीत हे दोन नट पाहुणे म्हणून मिरवले. समाजातले सगळेच एका बाजूला असतात असे कधीच नसते. आपल्याकडेही नाटक-सिनेमांतला तो अडाणी, बोबडा गडी आठवा. त्याला हसणाऱ्यांत आपलीही माणसे असत.

तर वीस वर्षे ज्या स्टेशनने (१९३१ पासून ते एनबीसीच्याच मालकीचे होते) काळ्यांची टिंगल विकली, त्याच स्टेशनवर एक काळा लेखक आला आणि त्याने पहिल्याच भागात क्रिस्पस ॲटक्स उभा केला. 'द नॉक-नीड मॅन' हे त्या भागाचे नाव. ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारात जे पाच लोक मेले त्यांतला हा पहिला मानला जातो. म्हणजे ज्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचा गोडवा गोरे गातात, त्या लढ्याचे पहिले रक्त एका काळ्या माणसाचे. सुरुवातच अशी. मालिकेला सुरुवातीला पाठबळ होते ते 'शिकागो डिफेंडर'चे. १९३१ मध्ये ज्या पत्राच्या मिरवणुकीत ती दोन सोंगे मिरवली, तेच पत्र १९४८ मध्ये डरहॅमच्या मागे उभे राहिले. समाज शिकतो.

डरहॅम १९१७ मध्ये मिसिसिपीतल्या रेमंड या गावी जन्मला. दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून जी लाखो काळी कुटुंबे उत्तरेकडच्या शहरांत गेली, त्यांतले एक त्याचे. मंदीच्या काळात सरकारने बेकार लेखकांसाठी काढलेल्या प्रकल्पाच्या रेडिओ विभागात तो शिकला, मग 'डिफेंडर'मध्ये बातमीदारी केली. 'डेस्टिनेशन फ्रीडम'च्या आधी 'डेमोक्रसी यूएसए' आणि 'हिअर कम्स टुमॉरो' या मालिका त्याच्या नावावर होत्या. 'हिअर कम्स टुमॉरो' तर एका काळ्या कुटुंबाची कौटुंबिक मालिका होती.

पण मुद्दा असा की एवढा इतिहास त्याला मिळाला कुठून? विद्यापीठांच्या पुस्तकांत तो नव्हताच. शिकागोच्या दक्षिण भागात, काळ्यांच्या ब्राँझव्हिल वस्तीत, १९३२ मध्ये जॉर्ज क्लीव्हलंड हॉल वाचनालय सुरू झाले. त्याच्या प्रमुख होत्या व्हिव्हियन हार्श, शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयातल्या पहिल्या काळ्या ग्रंथपाल. या बाईंनी पहिल्या दिवसापासून काळ्यांचा इतिहास आणि साहित्य यांचा वेगळा संग्रह जमवायला घेतला. पुस्तके, चोपड्या, हस्तलिखिते, मिळेल ते. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, ग्वेंडोलिन ब्रूक्स ही मंडळी या वाचनालयात येत. डरहॅमची नाटके याच कपाटांतून उभी राहिली. हे मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण ध्वनिमुद्रणांच्या इतिहासात ग्रंथपालांचा उल्लेख कोणी करत नाही. आधी एका बाईने कागद जपला, म्हणून नंतर आवाज निघाला.

विषय बघा. हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, फ्रेडरिक डग्लस, हैतीचा तूसाँ लूव्हर्त्यूर, लिंचिंगविरुद्ध आयुष्यभर लिहिणारी आयडा बी. वेल्स. १८२२ मध्ये चार्ल्सटनमध्ये गुलामांच्या उठावाची तयारी केली म्हणून फासावर गेलेला डेन्मार्क व्हेसी. हा व्हेसी १९४८ मध्ये, गोऱ्यांच्या मालकीच्या रेडिओवर, नायक म्हणून! गुलामांना बंडासाठी संघटित करणारा माणूस रविवारी सकाळी लोकांच्या घरांत बोलतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मजकुरावरून स्टेशनच्या अधिकाऱ्यांशी डरहॅमचे खटके उडत, त्यात नवल नाही.

आणि नुसती चरित्रे सांगून तो थांबला नाही, नाटककार म्हणून त्याची हिंमतही दांडगी. 'द हार्ट ऑफ जॉर्ज कॉटन' या भागाचा निवेदक माणूस नाहीच, हृदय आहे. शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलमध्ये डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स या काळ्या शल्यविशारदाने १८९३ मध्ये भोसकलेल्या माणसाची छाती उघडून हृदयाभोवतीची जखम शिवली आणि तो माणूस जगला. त्यांची आणि डॉ. युलिसिस ग्रँट डेली यांची कथा हृदय स्वतः सांगते. लुई आर्मस्ट्राँगवरच्या भागाचे नावच 'द ट्रम्पेट टॉक्स'. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये १९४७ मध्ये रंगाची भिंत ओलांडून आलेल्या जॅकी रॉबिन्सनवरचा भाग त्याने यमकबद्ध कवितेत लिहिला. रेडिओला डोळे नसतात, कानच असतात. हृदय बोलू शकते, तुतारी बोलू शकते. ही ताकद डरहॅमला नेमकी कळली होती.

रेडिओला डोळे नसतात याची दुसरी बाजूही आहे. आवाजाला रंग नसतो, म्हणून गोऱ्यांनी काळ्यांची सोंगे काढली. 'डेस्टिनेशन फ्रीडम'मध्ये काळी पात्रे काळे नट करत होते : ऑस्कर ब्राउन ज्युनियर, फ्रेड पिंकार्ड, वेझलिन टिल्डन, जॅनिस किंग्जलो. पुढे मौखिक इतिहासाचा मोठा लेखक म्हणून नाव मिळवलेला स्टड्स टर्केल हा गोरा नटही त्यांच्यात होता. किंग्जलोची गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी. ही नटी इतकी उजळ वर्णाची की हॉलिवूडने तिला करार देऊ केला, अट एवढीच की नाव बदलायचे आणि गोरी म्हणून वावरायचे. तिने नकार दिला आणि १९५० मध्ये 'निग्रो डायजेस्ट'मध्ये तो नकार लेख लिहून जाहीर केला. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव गिळण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना या नकाराची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. आणि ही बाई दर रविवारी जिथे कोणाला दिसत नव्हती तिथे, काळी म्हणूनच बोलत होती.

१९५० साल उजाडले ते मॅकार्थीचा गलबला घेऊन. जूनमध्ये 'रेड चॅनेल्स' नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीतल्या १५१ लोकांची नावे छापून त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला गेला. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले. अशा हवेत गुलामांच्या बंडाची नाटके कोणाला परवडणार? त्याच वर्षी डरहॅमची मालिका संपली. पण संपली म्हणजे कशी, ते पाहा. एनबीसीने 'डेस्टिनेशन फ्रीडम' हे नाव तसेच ठेवले आणि त्या नावाखाली देशभक्तीची नवी मालिका सुरू केली. निवेदक कोण, तर पॉल रिव्हिअर, अमेरिकन क्रांतीतला गोरा घोडेस्वार! टबमन आणि व्हेसी गेले, गोरे महापुरुष आले. घर आमचे, पाटीही आमची, आत राहायला दुसरेच. डरहॅमने मालकीहक्कासाठी एनबीसीला कोर्टात खेचले.

नाव पळवण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. आवाज कुठे गेला ते बघू.

१९४८ मध्ये रेडिओ-नाटक जिवंत होत असे. नट माईकसमोर उभे, बाजूला वाद्ये, आवाजांचा कारागीर दरवाजा उघडझाप करणार, आणि जे घडेल ते त्याच क्षणी हवेत. चुंबकीय फीत नुकतीच अमेरिकेत येत होती. नोंद ठेवायचीच तर ती तबकडीवर. या तबकड्या घरातल्या ग्रामोफोनच्या नव्हेत. सोळा इंचांच्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारख्या रसायनाचा थर दिलेल्या. युद्धाच्या काळात ॲल्युमिनियम विमानांना लागले तेव्हा काचेवरही थर दिला जाई, आणि काच पडली की संपले. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटे मावत, म्हणजे अर्ध्या तासाच्या नाटकाला दोन बाजू. वर्षे गेली की थरातून पांढरी भुकटी बाहेर येते, थराला तडे जातात आणि तो पत्र्यावरून सुटतो. एखाद्याच्या माळ्यावर अशी तबकडी निघाली तरी ती लावायला लागणारे यंत्र त्याच्या घरी नसते. साध्या ग्रामोफोनवर ती बसतच नाही. त्यामुळे 'सापडली' आणि 'ऐकली' यांच्यात पुष्कळ अंतर असते.

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणणे रास्त आहे, की मग सगळ्यांचेच नष्ट झाले. यात जात-वंश कशाला आणता? 'एमॉस अँड अँडी'चे सुद्धा १९२८ ते १९४३ या काळातले हजारो रोजचे भाग हवेत विरले, त्यांतले अगदी थोडे उरले. हे खरे आहे. जिवंत प्रसारणाने कोणालाच सोडले नाही.

पण तेच 'एमॉस अँड अँडी' १९४३ मध्ये आठवड्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाले, आणि त्यानंतरचे पुष्कळ भाग आज ऐकायला मिळतात. का? कारण त्याला साबणाच्या कंपनीचे प्रायोजकत्व होते. जाहिरातदार पैसे मोजतो तेव्हा जाहिरात खरोखर वाजली याचा पुरावा त्याला हवा असतो. म्हणून तबकड्या कापल्या जात, एजन्सीच्या कपाटात राहत. शिवाय लोकप्रिय कार्यक्रम परदेशातल्या सैनिकांना ऐकवण्यासाठी लष्करी रेडिओ त्यांच्या वेगळ्या तबकड्या काढून जगभर पाठवत असे. एका नाटकाच्या जितक्या प्रती, तितकी ते उरण्याची शक्यता. 'डेस्टिनेशन फ्रीडम' हा एका शहरापुरता स्थानिक कार्यक्रम. 'डिफेंडर'चा आधार थोडे दिवस टिकला, काही आठवडे अर्बन लीग या संघटनेने हात दिला, बाकी सगळा काळ प्रायोजक नाही. देशभरच्या जाळ्यावर तो कधी गेला नाही. म्हणजे त्याच्या नोंदीवर कोणाचाच पैसा अडकलेला नव्हता. आणि प्रायोजक का नव्हता? काळ्या माणसाला माणूस म्हणून दाखवणाऱ्या नाटकाशी आपल्या साबणाचे नाव जोडायला कोणती कंपनी तयार होती? काळ्याला विदूषक करणाऱ्या कार्यक्रमासाठी मात्र दातांच्या मलमापासून साबणापर्यंत सगळे रांगेत उभे. तेव्हा जतन होणे ही गोष्ट नशिबाची नाही. जे विकले गेले ते टिकले. विकले काय गेले हे बाजाराने ठरवले आणि बाजाराला वंश होता. 'हरवली' या शब्दाआड हीच साखळी झाकली जाते.

यात 'डिफेंडर', हार्श बाई, स्टेशनवर कापल्या गेलेल्या तबकड्या आणि स्वतः डरहॅम, एवढे धागे होते म्हणून काही उरले. सत्तरच्या दशकात जे. फ्रेड मॅकडोनाल्ड हे शिकागोतले इतिहासाचे प्राध्यापक अमेरिकन रेडिओचा इतिहास लिहीत होते. रेडिओ म्हणजे विनोद, गुप्तहेर आणि काउबॉय अशी जी समजूत होती तिच्यापलीकडे त्यांना ही मालिका दिसली. १९७८ मध्ये त्यांनी 'फायलॉन' या नियतकालिकात 'डेस्टिनेशन फ्रीडम'वर लेख लिहिला. पुढच्या वर्षी त्यांचे 'डोंट टच दॅट डायल' हे पुस्तक आले. १९८९ मध्ये डरहॅमच्या निवडक संहिता त्यांनी ग्रंथरूपात काढल्या. डरहॅमचा मृत्यू १९८४ चा. म्हणजे हे काम सुरू झाले तेव्हा लेखक हयात होता आणि त्याच शहरात राहत होता! मधल्या काळात त्याने कत्तलखान्यांतल्या कामगारांच्या युनियनमध्ये काम केले, 'मुहम्मद स्पीक्स' हे पत्र संपादित केले, मुहम्मद अली यांचे 'द ग्रेटेस्ट' हे आत्मचरित्र त्यांच्यासोबत लिहिले आणि १९८३ मध्ये शिकागोचे पहिले काळे महापौर झालेल्या हॅरल्ड वॉशिंग्टन यांची भाषणे लिहिली. असा माणूस 'हरवलेला' नसतो. त्याच्याकडे जाऊन विचारायचे कोणाला सुचले नव्हते, एवढेच.

'फायलॉन'चे नाव वाचून काहींच्या लक्षात आले असेल. अटलांटा विद्यापीठात हे नियतकालिक १९४० मध्ये सुरू केले ते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी. याच डुबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन गेले त्याच्या प्रती मागितल्या होत्या, आणि ३१ जुलै १९४६ रोजी डुबॉइस यांनी उत्तर पाठवले. हा पत्रव्यवहार आज आपण भाषणांत, लेखांत अभिमानाने सांगतो. तो सांगता येतो कारण डुबॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात नीट लावून ठेवलेले आहेत. ते टिकले नसते तर या दोन चळवळींच्या नात्याचा केवढा मोठा पुरावा गेला असता, याचा विचार करा.

मग १९९० नंतर इतर अभ्यासकही आले. बार्बरा सॅव्हेज यांचे 'ब्रॉडकास्टिंग फ्रीडम' १९९९ चे. हॉवर्ड विद्यापीठाच्या सोनिया विल्यम्स यांनी २०१५ मध्ये 'वर्ड वॉरिअर' हे डरहॅमचे चरित्र लिहिले. २००७ मध्ये अमेरिकेच्या रेडिओ हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, म्हणजे मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. त्याचे कागद आता शिकागोत व्हिव्हियन हार्श यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातच आहेत. ज्या कपाटांतून तो नाटकांसाठी टिपणे काढत होता, त्याच संग्रहात.

संहिता छापलेली असताना ध्वनिमुद्रणाचा एवढा अट्टहास कशाला, असेही विचारले जाते. विद्वानांना तर कागदच पुरतो. पण कागदावर 'व्हेसी' असे लिहून पुढे संवाद असतो, तो नेमका कसा उच्चारला गेला हे कागद सांगत नाही. वीस वर्षे अमेरिकेच्या कानांना काळा माणूस म्हणजे बोबडी, तोतरी, हास्यास्पद बोली हीच सवय लागली होती. डरहॅमची काळी पात्रे सरळ, ताठ, आपल्या बुद्धीवर विसंबून बोलतात. ही क्रांती शब्दांत अर्धी आणि उच्चारात अर्धी आहे. टबमन म्हणून बोलणारी काळी नटी कुठे थांबते, कुठे आवाज चढवते, गोऱ्या न्यायाधीशाला उत्तर देताना त्या आवाजात भीती आहे की नाही, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. जिवंत प्रसारणात चूक झाली तर तीही तबकडीवर राहते. हे सगळे पुरावे आहेत.

जुन्या रेडिओचे शौकीन, ज्यांनी सत्तरच्या दशकात फितींची अदलाबदल करत शेकडो कार्यक्रम वाचवले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. सरकारी संस्था झोपलेल्या असताना त्यांनी स्वतःच्या खिशातून काम केले. (अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने रेडिओच्या जतनासाठी खास कार्यदल नेमले ते २०१४ मध्ये.) पण शौकिनाचा ओढा त्याच्या बालपणाकडे असतो. लहानपणी जे ऐकले तेच तो शोधतो. गोऱ्या उपनगरातल्या मुलाने रविवारी सकाळी डेन्मार्क व्हेसीचे नाटक ऐकले असण्याची शक्यता किती? म्हणून शौकिनांच्या यादीत गुप्तहेर भरपूर आणि डरहॅम कमी. जुन्या आठवणींवर चालणारे जतन जुनीच उतरंड पुन्हा रचते, मनात वाईट काही नसतानाही.

आता थोडे आपल्याकडे. सत्तरच्या दशकात मराठीत दलित साहित्य उसळले, १९७२ मध्ये दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिले. राइट, ह्यूज, बाल्डविन ही नावे आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसली. पण ती सगळी कागदाची नावे. राइट आणि ह्यूज यांच्यावरही डरहॅमने नाटके लिहिली होती; ज्याने या लेखकांना रेडिओवर आणले तो लेखक मात्र आपल्यापर्यंत आला नाही, कारण त्याच्याच देशात तेव्हा तो कुठल्या यादीत नव्हता. दोन चळवळींमध्ये आवाजाचा पूल तयारच झाला नाही.

आणि आवाजाचे महत्त्व आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बाबासाहेबांनी आपल्या तत्त्वज्ञानाविषयी केलेले भाषण आपण छापील वाचतो. १९५५ मध्ये बीबीसीने घेतलेली त्यांची गांधींविषयीची मुलाखत मात्र आपण ऐकतो. तो ठाम, किंचित खरखरीत, कोणाची भीड न ठेवणारा आवाज आज वस्तीवस्तीतल्या मोबाईलमध्ये आहे. ज्याने बाबासाहेबांचे एक पुस्तक वाचलेले नाही त्यालाही तो आवाज ओळखता येतो. पण ती मुलाखत टिकली ती लंडनच्या एका संस्थेच्या कपाटात, गांधींवरच्या कार्यक्रमासाठी घेतलेली म्हणून. आंबेडकरी जलशांनी तीसच्या दशकापासून गावोगाव चळवळ नेली, त्यांचे स्वरूप भीमराव कर्डकांनी पुस्तकात लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. कान लावायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. वामनदादांच्या गाण्यांचे, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या काळातल्या कार्यक्रमांचे घरगुती ध्वनिमुद्रण कित्येक घरांत कॅसेटवर पडून आहे. कॅसेटचा थरही सुटतो, फीत एकमेकींना चिकटते, बुरशी धरते, आणि कॅसेटप्लेअर दुरुस्त करणारा आता तालुक्याच्या गावीही सापडत नाही. त्यावर तारीख, ठिकाण, गायक-वादकांची नावे लिहिलेली नसतील तर वाजली तरी ती कोणाची, हे सांगणारा माणूस दहा वर्षांनी नसेल. शिकागोच्या तबकड्यांनी निदान स्टेशनचे नाव आणि तारीख बाळगली होती.

'डेस्टिनेशन फ्रीडम'च्या सगळ्या भागांचा आवाज मिळालेला नाही. जे मिळाले ते आज इंटरनेटवर फुकट ऐकता येते, कुठे खरखर, कुठे आवाज बुडालेला. बाकीच्यांची संहिता तेवढी. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात डॉनी बेट्स या कृष्णवर्णीय रंगकर्मीने डरहॅमच्या संहिता घेऊन, नव्या नटांना माईकसमोर उभे करून, प्रेक्षकांपुढे त्या पुन्हा सादर करायला सुरुवात केली आणि मालिकेचे नावही तेच ठेवले. म्हणजे एनबीसीने गोऱ्या घोडेस्वाराला दिलेले नाव परत आपल्या घरी आले. काही अभ्यासकांना अशी पुनर्निर्मिती म्हणजेच जतन वाटते. मला तसे वाटत नाही. नवा नट आजच्या काळ्या माणसाच्या आत्मविश्वासाने बोलतो, आणि त्याने तसेच बोलावे. पण १९४८ मध्ये 'एमॉस अँड अँडी'च्या स्टेशनवर, प्रायोजक नसताना, अधिकारी काचेपलीकडून बघत असताना जॅनिस किंग्जलो जशी बोलली, तसे तो बोलू शकत नाही. ते ऐकायचे तर ती खरखरणारी तबकडीच लावावी लागते.